खांद्याचं माप

सत्यवतीला आकडे वाचले की मूल दिसायचं. छाती तीस, खांदा साडेतेरा, बाही आठ, पँट चौतीस, असं वहीत कुणाच्या नावापुढे लिहिलेलं असलं की ती क्षणभर डोळे मिटायची, आणि तेवढ्या मापाचा एक पोरगा तिच्यासमोर येऊन उभा राहायचा. एका पायावर भार टाकून, नाक ओढत, घंटा कधी होते याची वाट बघत. चेहरा मात्र कधी दिसायचा नाही. चेहऱ्याचं माप शिंपी घेत नाहीत.

पुण्यातल्या नव्हे, कन्नड मुलखातल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, तिचं आणि तिच्या थोरल्या भावाचं, गुंडोअण्णाचं, शाळेचे गणवेश शिवायचं दुकान. खाली दुकान, वर घर. यांचे पूर्वज म्हणे कुठल्याशा फौजेचे तंबू शिवत शिवत इकडे उतरले आणि फौज परत गेली तरी यांचं शिवण संपलं नव्हतं, म्हणून इथंच राहिले. खरंखोटं तो तंबू जाणे. एवढं खरं, की दुकानात मापं कन्नडात पुकारली जायची, इंग्रजी आकड्यांत लिहिली जायची आणि भांडणं तेवढी मराठीत व्हायची.

सत्यवती बारा वर्षांची असताना बापानं तिच्या हातात टेप दिली. मुलींच्या अंगाला पुरुषमाणसानं टेप लावायची नाही, हा बापाचा नियम. म्हणून मुलींची मापं ही पोरगी घ्यायची, आणि बाप भिंतीकडे तोंड करून ती लिहून घ्यायचा. त्या दिवसापासून ती मापंच घेत आली. मधे दोन-तीन स्थळं आली होती. त्यातला एक जण चांगला बँकेतला होता, पण चहाचा कप त्याच्या हातात देताना सत्यवतीच्या लक्षात आलं की याचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली आहे. मग तिला दुसरं काही दिसेचना. पाव इंचापायी आमच्या अक्काचा संसार हुकला, असं गुंडोअण्णा अजून चिडवतो. आता ती पंचावन्न वर्षांची आहे आणि अख्ख्या गल्लीची, थोरल्या भावाचीसुद्धा, अक्का आहे.

दर वर्षी दोन-तीन शाळांत मापाचा दिवस असायचा. सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला एक शाळा होती, तिथं तर सत्यवती सकाळी सातला जाऊन उभी राहायची. पोरं रांगेनं यायची. ती टेप लावायची, आकडा पुकारायची, गुंडोअण्णा लिहायचा. टेप लावता लावता ती बोलायची, कारण बोलल्याशिवाय पोरं श्वास सोडत नाहीत आणि छातीचं माप चुकतं. जेवलास का रे, दात कधी पडला, मागच्या वर्षी तू माझ्या कमरेला लागत होतास. आया तर एकच गोष्ट सांगायच्या, 'वाढत्या अंगाचं शिवा हं अक्का.' ते काय तिला सांगायला हवं होतं? बाहीला दीड इंच, पँटला तीन इंच कापड ती आत दुमडून ठेवायचीच.

मग ते वर्ष आलं. मार्चात शाळा बंद झाल्या आणि उघडेचनात. पहिले काही महिने दोघांनी मास्क शिवले, कारण पोट कुणाच्या बापासाठी थांबत नाही. पण मास्क शिवण्यात सत्यवतीचा जीव रमेना. सगळ्यांना एकच माप, ही काय शिलाई झाली?

दुपारी जेवण झालं की ती खाली येऊन बसायची. शटर अर्धं खाली ओढलेलं. वरच्या दांडीला नमुन्याचे गणवेश टांगलेले, निळे, करडे, एक मातकट. पंखा लावला की ते हलायचे. बाहेर शिवाजीनगरसारख्या शिवाजीनगरात एक हॉर्न वाजत नव्हता, आणि त्या शांततेत तिला अर्धवट गुंगी यायची. गुंगीत तिला पोरं दिसायची. रस्त्याच्या मधोमध, पावलांचा आवाज न करता, ओळीनं चालत यायची. सगळ्यांच्या पँटा नडग्यांपर्यंत वर चढलेल्या, बाह्या कोपरांवर, शर्टाची बटणं ताणलेली. दुकानासमोर येऊन उभी राहायची आणि काही मागायची नाहीत. सत्यवती टेप शोधायची. टेप गळ्यात असूनही तिला सापडायची नाही.

जाग आली की ती मापांची वही काढायची आणि पेन्सिलीनं बाजूला नवे आकडे मांडत बसायची. हा आता बत्तीसचा झाला असेल. हिची उंची थांबली असेल, पण खांदा भरला असेल. शहरात लाखभर पोरं बंद दारांआड वाढत होती आणि त्यांना मोजायला कुणी नव्हतं, याचं तिला खरोखर वाईट वाटायचं. गुंडोअण्णा म्हणायचा, "अक्का, सुम्ने, उगाच डोकं फिरवून घेऊ नको. वाढतात ती आपापली." ती म्हणायची, "वाढतात रे. पण कुणीतरी बघायला नको का, किती वाढली ते?"

दुसऱ्या वर्षी ऑगस्टात ठरलं, की नववी-दहावीचे वर्ग तेवीस तारखेला उघडायचे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, नाहीतर घरून शिकावं. सर्जापूर रोडच्या शाळेनं सत्यवतीला कळवलं, की या खेपेला मापाचा दिवस नाही. पालकांनी घरीच मापं घेऊन कागद भरून पाठवलेत, त्यावरून शिवा. कागदांचा गठ्ठा आला आणि ती हसत सुटली. एका बापानं मुलाच्या छातीचं माप बारा लिहिलं होतं. एका आईनं सगळं सेंटिमीटरमध्ये. पण निदान त्यांनी टेप तरी धरली होती.

गठ्ठ्यात तळाशी एक कागद होता. शंतनु, दहावी. छाती तीस, खांदा साडेतेरा, बाही आठ, पँट चौतीस.

सत्यवतीनं डोळे मिटले आणि पोरगा दिसला. पण हा तर ओळखीचा होता. तिनं जुनी वही काढली. वीस सालचा जानेवारी, शंतनु, आठवी, पुण्याहून नवीन आलेला. तेच आकडे, अर्ध्या इंचाचाही फरक नाही. तेरा वर्षांच्या पोराची मापं पंधराव्या वर्षी तशीच राहिली, असं तिनं चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. हे कुणी मोजलेलंच नाही, तिच्या लक्षात आलं. जुनी पावती समोर ठेवून उतरवलंय.

तिला राग आला. पालकांच्या नंबरच्या रकान्यात जो नंबर होता तो तिनं दुकानाच्या फोनवरून फिरवला. फोन जुना, तारेचा. कोण बोलतंय ते कानानंच ओळखायचं.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. भरदार, खालच्या पट्टीतला, जरा दबका.

"शंतनुचे बाबा का? मी शिवाजीनगरहून सत्यवती बोलते, युनिफॉर्मवाली."

पलीकडे कुठलंतरी दार लोटल्याचा आवाज झाला. मग तो आवाज म्हणाला, "हो."

"हो म्हणता आणि स्वस्थ बसता काय हो सर? पोराकडे बघितलंय का तुम्ही? दीड वर्षात अर्धा इंच पण वाढला नाही म्हणे तो. हे शिवून दिलं तर उद्या पोरगं शर्टात शिरायचं नाही. टेप घ्या आणि नीट मोजा की."

"मोजायचा प्रयत्न केला," आवाज म्हणाला. "खांदा मोजता येत नाही."

"पोराला एकट्याला मोजायला लावलंत का? पाठीमागं हात पुरतो का? खांद्याला दोन माणसं लागतात. एकानं उभं राहायचं, एकानं टेप धरायची. घरात दुसरं कोण नाही?"

"आहेत. म्हणजे... आम्ही दोघंही दिवसभर कॉलवर असतो. दारं बंद असतात."

"मग एक दार उघडा," सत्यवती म्हणाली आणि तिला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली. गिऱ्हाइकाशी असं बोलतात का? ती जरा मऊ झाली. "स्वल्प वेळ काढा सर. वाढतं अंग आहे."

"हो मॅडम. मी... मी घेतो."

"मॅडम नको. अक्का म्हणा. सगळे अक्काच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला. "मी शंतनुचा बाबा बोलतोय." त्यानं मापं सांगितली. पँट एकोणचाळीस. सत्यवतीनं डोळे मिटले आणि तो पोरगा तिच्यासमोर भराभर उंच होत गेला, पार दांडीवरच्या गणवेशांना डोकं लागेपर्यंत. पण खांदा बारा. एकोणचाळीसच्या पँटला बाराचा खांदा कुठल्या देशात असतो?

"टेप कुणी धरली होती?" तिनं विचारलं.

"दारात अडकवली होती."

ती पोट धरून हसली. पलीकडचा आवाजही हसला. हसताना तो मधेच चिरकला आणि लगेच थांबला.

असा त्यांचा चार वाजताचा फोन सुरू झाला. निमित्त मापाचं. कॉलरचं सांगायचं राहिलं, खिसा डावीकडे की उजवीकडे, असलं काहीतरी विचारून झालं की तो आवाज जायचा नाही. तिथंच थांबायचा. मग सत्यवती विचारायची, "पोरगा कसा आहे?" आणि तो सांगायचा.

पोरगा बोलत नाही. घरात आईशी हं, हो, नको, एवढंच, बापासमोर नुसती मान. वर्गात कॅमेरा बंद, माइक बंद. हजेरीला तो हात वर केल्याचं चित्र दाबतो. पुण्याहून आला आणि सहा-सात आठवड्यांत शाळा बंद झाली. कुणाशी नीट ओळखच झाली नव्हती. त्याच्या नावाच्या चौकोनात आठवीतला फोटो आहे. वर्गातल्या मुलांना तो तेवढाच माहीत आहे.

"आणि त्याचा आवाज फुटलाय," तो आवाज म्हणाला. "लॉकडाउनमध्ये फुटला. कुणी ऐकलेलाच नाही. आता पहिल्यांदा तोंड उघडलं तर सगळे हसतील असं त्याला वाटतं. जितके दिवस जातात तितकं जास्त वाटतं."

"हसतीलच की," सत्यवती म्हणाली. "हसायलाच पाहिजे. आमच्या गुंडोअण्णाचा आवाज फुटला तो दुकानात, गिऱ्हाइकासमोर, आकडा पुकारताना. तीसला मूवत्तु म्हणायला गेला तर अर्धा मूवत्तु रेड्याचा आणि अर्धा बकरीचा. सगळं दुकान हसलं. आणि आमचे वडील गल्लीभर सांगून आले, आता आमच्याकडे दोन गडी झाले म्हणून. लोक हसले म्हणून तर अण्णाला कळलं, की आपण मोठे झालो."

आवाजानं हळूच विचारलं, "आणि कुणी हसलंच नाही तर?"

सत्यवतीनं गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली आणि पुन्हा सोडली.

एका दुपारी त्यानं पोराचं स्वप्न सांगितलं. यांच्या सोसायटीत पोहायचा तलाव आहे. दीड वर्ष त्यावर निळी ताडपत्री ओढलेली आहे, आणि पोराच्या खिडकीतून ती दिसते. स्वप्नात तो ताडपत्री उचलून आत डोकावतो. तळाशी सगळा वर्ग बसलेला असतो, बाकांवर, गणवेशात, पाण्याखाली. बाई शिकवत असतात. एक बाक रिकामा असतो. तो हाक मारतो, पण पाण्यातून आवाज जात नाही. कुणी मान वर करत नाही. "आणि गंमत म्हणजे," आवाज म्हणाला, "त्याला भीती वाटत नाही. खाली छान दिसतं. उन्हाचे पट्टे हलत असतात. त्याला फक्त उतरायचं असतं."

सत्यवती रिसीव्हर कानाला लावून बसून राहिली. दांडीवरचे गणवेश पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते आणि क्षणभर तिलाही दुकानात पाणी भरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात फोनमध्ये लांबून एका बाईचा आवाज आला. "शंतनु, जेवण झालं का तुझं? मी कॉलवर आहे रे, ताट झाकून ठेवलंय!"

"हो आई, घेतो," तो भरदार आवाज म्हणाला.

मग त्याच्या लक्षात आलं. मग तिच्याही लक्षात आलं.

"सॉरी, अक्का," तो घाईघाईनं म्हणाला. "ती... शंतनुची आई."

"सरी, सरी, असू दे," सत्यवती म्हणाली. "मग, खिसा डावीकडेच ना?"

फोन ठेवून तिनं तोंडावर पदर धरला. कुठला बाप पोराच्या स्वप्नातले उन्हाचे पट्टे सांगेल? आपण इतके दिवस काय कानात बोळे घालून बसलो होतो? कागदही त्यानंच भरला असणार, पालकांच्या रकान्यात स्वतःचा नंबर घालून. पण हसूही येईना. पंधरा वर्षांच्या पोराला स्वतःबद्दल चार शब्द बोलायला बापाचं सोंग घ्यावं लागतं, आणि तेही शिंपिणीसमोर, हा विचार तिला स्वस्थ बसू देईना.

गुंडोअण्णाला सांगितल्यावर तो म्हणाला, "शाळेत विचार, आईचा नंबर घे आणि सांगून टाक."

"सांगितलं तर तो पुन्हा तोंड उघडायचा नाही. एवढं एक दार उघडं आहे त्याचं, ते पण मी लावू?"

"मग खेळत बसा बाप-बाप. सोमवारी शाळा उघडते. तो जायचा नाही."

हेच तर होतं. तिला दुसरं काही नको होतं. सोमवारी या पोरानं त्या दारातून बाहेर पडावं, एवढंच. आता गेला नाही तर पुढं आणखी अवघड होईल, हे तिला टेप न लावता कळत होतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, चारला फोन आला तेव्हा ती कामाच्या आवाजात म्हणाली, "हे बघा शंतनुचे बाबा. फोनवरच्या मापांवर मी कापड कापणार नाही. दारात टेप अडकवून खांदा येत नाही. पोराला पाठवा इकडे."

"तो येणार नाही."

"तुम्ही विचारा की त्याला."

"एकटा कधी आलेला नाही तो. बसनं वगैरे."

"विचारून तर बघा. बाप आहात."

"बरं," आवाज म्हणाला. "विचारतो त्याला."

गुरुवारी फोन नाही. शुक्रवारी नाही. चार वाजता सत्यवती मशीन थांबवून बसायची आणि गुंडोअण्णा तिच्याकडे न बघता कात्रीला धार लावायचा. आपण चुकलो, तिच्या मनात यायचं. ताणायला नको होतं. धागा ओढताना हात ओळखायला पाहिजे, आणि आपण हिसका दिला.

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमाराला शटरखाली दोन लांबच लांब पाय दिसले. आखूड जीन्स, घोटे उघडे. ते पाय आले, गेले, परत आले, भांड्यांच्या दुकानापर्यंत जाऊन पुन्हा आले. सत्यवतीनं उठून शटर वर ढकललं. बाहेर एक उंच, वाकलेला पोरगा उभा होता. मास्कवर नुसते डोळे. त्याला दोन बस बदलाव्या लागल्या असतील.

तो काही बोलला नाही. बोलणार कसा? हा आवाज इथं त्याच्या बापाचा होता. त्यानं मोबाइल पुढं केला. पडद्यावर लिहिलं होतं, शंतनु, दहावी, मापासाठी.

"ये की, ये," सत्यवती म्हणाली. "बाबांनी पाठवलं का? सरळ उभा राहा. वाकू नको, माप चुकतं."

तिनं त्याला पाठमोरं उभं केलं आणि टेपचं एक टोक त्याच्या डाव्या खांद्याच्या हाडावर ठेवून बोटानं दाबलं. पोरगा शहारला. टेप ओढून तिनं उजव्या खांद्यावर दुसरं बोट ठेवलं, आणि तिला कळलं, की दीड वर्षात याच्या पाठीवर कुणाचा हात पडलेला नाही. माप मिळालं होतं तरी तिनं बोटं काढली नाहीत. तिला त्या पोराची इतकी माया आली, की आकडा पुकारायलाच सुचेना.

"किती?" गुंडोअण्णा वहीतून मान वर न करता म्हणाला.

"हदिनारूवरे," ती म्हणाली. साडेसोळा.

मग छाती मूवत्नाल्कु, चौतीस, कंबर इप्पत्तेंटु, अठ्ठावीस. एकेक आकडा ती मोठ्यानं पुकारत होती, अण्णा मागून म्हणत होता, आणि प्रत्येक आकड्याला तो पोरगा थोडा थोडा सरळ होत होता. टेप गुंडाळताना सत्यवती म्हणाली, "तुझे बाबा फार काळजी करतात हं तुझी. रोज बोलतात माझ्याशी. मला आवडतात ते. त्यांना सांग, सोमवारी चार माणसांत बोलायला काही हरकत नाही. आवाज चांगला आहे तुमच्या घराण्याचा."

पोरानं मान खाली घातली. मास्कमुळे पुढचं काही दिसलं नाही.

पुन्हा कुठं त्याला इतक्या लांब बोलवायचं, म्हणून दोघांनी तिथल्या तिथं काम हातात घेतलं. अण्णानं कापड कापलं आणि पँट घेतली, सत्यवती शर्ट घेऊन मशीनवर बसली. मशीनचा आवाज, पंख्याचा आवाज, बाहेर पुन्हा वाजू लागलेले बसचे हॉर्न. शंतनु स्टुलावर बसला होता. थोड्या वेळानं त्याचं डोकं कापडाच्या ताग्यांवर टेकलं आणि तो झोपला. डोक्यावर गणवेश हलत होते. त्याच्या पापण्या मधूनमधून थरथरत होत्या, आणि सत्यवतीला वाटलं, उतरला वाटतं खाली, बसला बाकावर. तिनं पायाचा वेग कमी केला. शर्ट तासाभरात झाला असता, त्याला दोन तास लागले.

नव्या गणवेशात तो आरशासमोर उभा राहिला आणि खूप वेळ हलला नाही. आपलीच ओळख पटत नसल्यासारखा बघत राहिला. मग पिशवी घेतली, सत्यवतीसमोर येऊन हात जोडले आणि वळला. ती दारापर्यंत गेली. बोलला नाही तो. शेवटपर्यंत बोलला नाही.

सोमवार उजाडला. सत्यवतीनं सकाळपासून एकाच शर्टाची कॉलर दोनदा उसवली. गेला असेल का? की गणवेश खुंटीला टांगून, माइक बंद करून, त्या निळ्या ताडपत्रीकडे बघत बसला असेल? विचारायचं कुणाला? गुंडोअण्णानं तिला कॉफी आणून दिली, ती तशीच गार झाली.

पावणेतीनला फोन वाजला.

"हॅलो," भरदार, खालच्या पट्टीतला आवाज. "मी शंतनुचा बाबा बोलतोय."

सत्यवतीनं घड्याळाकडे बघितलं. शाळा सुटायला अजून वेळ होता, म्हणजे पोरगं घरी होतं. गेलं नव्हतं. आणि पुन्हा तेच सोंग घेऊन दाराआड बसलं होतं.

"पुरे झालं रे अप्पा," ती म्हणाली. "मला माहीत आहे तू शंतनुच आहेस. आई तुला हाक मारत होती ना त्या दिवशी, तेव्हाच कळलं. मी मुद्दामच बोलले नाही. अरे, हसतील म्हणून किती दिवस घरात बसशील? मला तुझं सगळं सांगितलंस, ती ताडपत्री, तो रिकामा बाक, दीड वर्षात कुणी तुझा आवाज ऐकला नाही ते. मी कोण? टेप धरणारी बाई. हे तुझ्या बाबांना सांग. ते कॉलवर असले तरी दार वाजव. खांदा मोजायला तू दारात टेप अडकवतोस, आणि बाप पलीकडच्या खोलीत असतो. त्यांना कळायला नको का रे?"

पलीकडे चाललेली कळफलकाची टकटक थांबली.

"बोल की," ती म्हणाली.

"तो शाळेत गेलाय," आवाज म्हणाला.

सत्यवतीला कळेना.

"सकाळी लिफ्टपाशी दिसला. नवा युनिफॉर्म घालून. मी विचारलं कधी शिवलास, तर नुसता हसला आणि गेला. पिशवीवर तुमचा नंबर होता. म्हटलं, थँक यू म्हणावं." आवाज थांबला, आणि जरा वेळानं पुन्हा आला. "मी श्रीरंग. मी खरंच त्याचा बाबा आहे."

सत्यवतीचे कान तापले होते. गुंडोअण्णा हातवारे करून विचारत होता, कोण, कोण? तिनं त्याला गप्प केलं. "अय्यो, माफ करा सर, मला वाटलं... मी काय काय बोलून बसले..."

"नाही, थांबा. ठेवू नका." "मॅडम, एक विचारू? इतका माझ्यासारखा झालाय का त्याचा आवाज?"

"डिट्टो," ती म्हणाली. "तुम्ही ऐकला नाही?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"नाही," श्रीरंग म्हणाला.